नारखेड्यांच्या लढाऊ जीपची सत्यासत्यता

आमच्या दारात उभी असलेली जीप लढाईवरून परत आलेली आहे, ही गोष्ट असोदा गावात, असोद्याच्या वांग्याचे भरीत सर्वोत्तम होते या गोष्टीइतकीच सर्वमान्य होती. माझे वडील कै. उखर्डू नारखेडे यांनी ती जीप जळगावच्या एका सरकारी लिलावातून आणली, आणि ती आणल्यावर दुसऱ्याच दिवशी पारावर उभे राहून जाहीर केले की ही सीमेवर लढलेली आहे. पुरावा म्हणून त्यांनी डाव्या बाजूच्या पत्र्याला, मागील चाकाच्या वर असलेले एक गोल भोक दाखविले. शत्रूची गोळी तेथून शिरली होती. कोणी कागदपत्रांविषयी विचारलेच, तर वडील आवाज खाली आणून म्हणत, "लष्कराच्या गोष्टी कागदावर राहत नसतात." यावर विचारणारा गृहस्थ स्वतःच इकडेतिकडे पाहू लागे.

तेव्हापासून आम्हांला गावात 'लढाईवाले' म्हणतात. गावातील प्रत्येक नवरदेव मारुतीच्या दर्शनाला याच जीपमधून जातो, आणि जीपमध्ये बसण्यापूर्वी त्या भोकाला कुंकू लावतो. ही गाडी पराभूत होऊन आलेली नाही, सबब तीत बसणाऱ्याचा संसारही पराभूत होणार नाही, अशी समजूत आहे. मी या समजुतीच्या आधारावरच गावात मान वर करून चालत आलो. ती जीप वजा केली, तर मी कोण? नववीत थांबलेला, ज्याच्या केळीचा घड शेजाऱ्याच्या घडापेक्षा नेहमी बारीक भरतो असा बन्सीलाल. एवढे सांगितले म्हणजे पुढील प्रकरणात माझे काय पणाला लागले होते, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईल.

प्रकरणाची सुरुवात मेघा नावाच्या एका बाईंच्या आगमनाने झाली. धुळ्याच्या बाहेर, उघड्याबोडक्या टेकड्यांवर एका युद्धविषयक दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण चालू होते, आणि त्या कंपनीसाठी जुन्या वस्तू गोळा करण्याचे काम या बाईंकडे होते. त्यांनी जीपभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, भोकात बोट घालून पाहिले आणि म्हणाल्या, "काका, आमच्या मालिकेत प्रत्येक वस्तू अस्सल असते. बटणसुद्धा."

मला तत्काळ संशय आला. जी व्यक्ती खरोखर अस्सल असते, ती दारात उभी राहून तसे सांगत नाही. मी त्यांचे ओळखपत्र मागितले, त्यांच्या मोटारीच्या नंबराचा फोटो काढला, आणि त्यांनी चहा घेताना साखर किती घेतली याकडेही लक्ष ठेवले. परंतु वडिलांची जीप सबंध देशाला दिसणार, हा विचार मनात एकदा शिरला तो निघेना. त्यांनी इंग्रजी भाषेतील कराराची पाने पुढे केली. मी पहिल्या पानाकडे कपाळाला आठ्या घालून पुष्कळ वेळ पाहिले, जेणेकरून मला सर्व कळत आहे असे त्यांना वाटावे, आणि नंतर सर्व पानांवर सह्या केल्या.

ही बातमी गावात पसरताच सल्लागारांची रीघ लागली. त्यांत अग्रभागी आमचे शेजारी रतिलाल होते. ते ओट्यावर बसले आणि त्यांनी पायातली चप्पल काढून आपल्या मांडीखाली घेतली. माझ्या ओट्यावरही चप्पल चोरीला जाईल असा त्यांचा स्वभाव आहे.

"बन्सीभाऊ, टीव्हीवाल्यायचा भरोसा नोको करू," ते म्हणाले. "गाडी अस्सल नेतीन अन् नकली वापस देतीन. एकएक नटबोल्ट बदलतीन. तुले समजनार बी नाही."

"मला समजेल. माझी गाडी आहे."

"तुले तुह्या केयीचं बेनं समजलं नाही, गाडी काय समजनार?"

हा घाव मी सोसला, कारण त्याच आठवड्यात मला त्यांच्या ट्रॅक्टरची गरज होती. मी विषय काढताच ते खोकले. "माहं ट्रॅक्टर तं बिघडेल हाये. धुळ्याले दुरुस्तीले टाकेल हाये." असोद्याचे ट्रॅक्टर जळगाव सोडून धुळ्याला दुरुस्तीला का जावे, असा संशय मला त्याच क्षणी यायला हवा होता. परंतु माझे सर्व संशय तेव्हा टीव्हीवाल्यांच्या दिशेने वळलेले होते.

नटबोल्ट बदलण्याच्या शंकेने मात्र माझी झोप उडविली. शेवटी मला उपाय सुचला. आपल्याकडे नवीन भांडे घरात येण्याआधी त्यावर नाव कोरून घेतात. त्यामुळे लग्नकार्यात शंभर घरची पातेली एकत्र झाली तरी प्रत्येकाचे पातेले आपापल्या घरी जाते. जो न्याय पातेल्याला, तोच जीपला का नसावा? मी जीप जळगावच्या एका भांड्यांच्या दुकानासमोर उभी केली आणि मशीनने नावे कोरणाऱ्या कारागिराला बाहेर बोलाविले. तो मशीनची वायर ओढत आला. "कोणाकडून कोणाला?" त्याने सवयीने विचारले. मी म्हणालो, कोणाकडून नाही, माझीच आहे. त्याने स्टिअरिंगवर, आरशाच्या दांडीवर, बंपरवर, जॅकवर आणि भोंग्यावरही 'बन्सीलाल उखर्डू नारखेडे, असोदा' असे सुबक कोरले. बॉनेटवर मी मुद्दाम 'कै. उखर्डू नारखेडे यांच्या स्मरणार्थ' असे कोरविले. कारागीर इतका रंगात आला होता की नंबरप्लेटच्या कोपऱ्यात त्याने कमळाचे फूलही काढले.

यानंतर गाडीला लष्करी रंग देणे उरले. वर्षानुवर्षे निरनिराळ्या निमित्तांनी तिला निरनिराळे रंग दिले गेले होते, आणि सध्या ती पिवळी होती, कारण मागील श्रावणात तिच्यातून कानबाई देवीची मिरवणूक निघाली होती. आमचा पेंटर चंदन ट्रॉल्या रंगवितो. त्याने शिल्लक राहिलेले तीन-चार डबे एकत्र ओतले, काठीने ढवळले आणि म्हणाला, "नाना, हा बघा मिल्ट्री." माझ्या दृष्टीला तो कोवळ्या केळीच्या पानाचा रंग वाटला. परंतु रंग ओला असताना मनुष्याने मत देऊ नये.

ठरल्या दिवशी मी एकटाच जीप घेऊन धुळ्याकडे निघालो. शेजारच्या आसनावर आईने दिलेला भरिताचा डबा होता. एरंडोलच्या अलीकडे रस्त्यात पोलिसांनी हात दाखविला. साहेबांनी गाडीभोवती फिरून विचारले, "खासगी गाडीला लष्करी रंग लावता येत नाही, माहीत आहे?"

मी ताठ बसलो. "साहेब, ही गाडी लष्कराचीच आहे."

"अच्छा. मग लष्कराची गाडी तुमच्याकडे कशी? चोरली?"

"नाही, नाही. वडिलांनी लिलावात घेतली."

"म्हणजे आता लष्कराची नाही."

येथे मोठाच नैतिक प्रश्न उपस्थित झाला. लष्कराची आहे म्हणावे, तर मी चोर. नाही म्हणावे, तर मी वडिलांच्या शब्दाचा द्रोही. मी मनातल्या मनात पद्मालयाच्या गणपतीला नमस्कार केला आणि अत्यंत हलक्या आवाजात म्हणालो, "नाही."

"मोठ्याने बोला. काय नाही?"

"ही लष्कराची नाही!" मी ओरडलो. शेजारून जाणाऱ्या केळीच्या ट्रकमधील क्लीनरसुद्धा वळून पाहू लागला.

साहेबांनी आता आपल्या सहकाऱ्याला बोलाविले. दोघांनी पत्र्यावर नख घासले, डोळे बारीक केले, एकमेकांशी कुजबुजले. अखेर सहकारी म्हणाला, "सर, हा रंग लष्कराचा नाही. कुठल्याच खात्याचा नाही." आणि त्यांनी मला सोडून दिले. अपराधात बसण्याइतकाही आपला रंग खरा नसावा, याचे दुःख मला पारोळ्यापर्यंत पुरले.

धुळ्याबाहेरील त्या टेकडीवर पोहोचलो तेव्हा माझे डोळे दिपले. वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, तोफा, तंबू आणि मध्यभागी अक्राळविक्राळ रणगाडा. गाडीतून उतरून मी सहज त्या रणगाड्याला सलाम केला. फाटकावरील रखवालदार हसू लागला. तो धुळ्याचाच होता, प्रेमराज नावाचा.

"भाऊ, त्याले काय सलाम करतस?" तो म्हणाला. "आठे बठ्ठं खोटं शे. तोफ पाइपनी शे, रणगाडा लाकूडना शे. चहा तेवढा खरा शे, अन् तोबी थंडा."

येथे सर्वच खोटे आहे म्हणताच माझा संशय जागा झाला. मी इकडेतिकडे पाहून रणगाड्याच्या लाकडी झालरीखाली डोके घातले. आत मला ट्रॅक्टरची मोठी चाके दिसली. पुढे एक लिंबू व मिरच्या लोंबत होत्या. ते लिंबू मी ओळखतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मडगार्डवर लिहिलेले 'रतिलालभाऊंची कृपा' हे शब्द मी रोज सकाळी दात घासताना पाहत आलो होतो. हेच ते धुळ्याला दुरुस्तीला टाकलेले ट्रॅक्टर! आणि चालकाच्या जागेवर, हिरव्या लोखंडी टोपीखाली घामाने थबथबलेले, साक्षात रतिलाल.

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"बन्सी," ते आतून म्हणाले, "घरी नोको सांगजो. सगयायले ट्रॅक्टर पाहिजे व्हतं. मी बिघडेल सांगेल हाये."

मी डोके बाहेर काढले.

इतक्यात मेघाबाई मालिकेच्या लष्करी सल्लागारांना घेऊन आल्या. हे निवृत्त मेजर होते. मिशा पांढऱ्या, पाठ फळीसारखी सरळ, आणि दृष्टी अशी की जणू समोरचा मनुष्य पगारी हेर असावा. मी आदराने भरिताचा डबा पुढे केला.

"हे काय? लाच?"

"भरीत आहे, साहेब. असोद्याचे."

"आधी गाडी," ते म्हणाले. परंतु डबा त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतला, याची नोंद मी मनात केली.

मेजरसाहेबांनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि ते थबकले. खिशातून चष्मा काढून त्यांनी वाचले. मग आरसा वाचला. मग बंपर वाचला. बॉनेटपाशी ते पुष्कळ वेळ उभे राहिले.

"उखर्डू नारखेडे कोण? शहीद झालेले जवान?"

"माझे वडील. ते हृदयविकाराने गेले."

"आणि हे कमळ कोणत्या रेजिमेंटचे?"

मी पातेल्यांचा सर्व सिद्धान्त त्यांना समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि मेघाबाईंकडे वळून म्हणाले, "वरच्या कातडीवर माझा विश्वास नाही. खरवडा. मूळ रंग पाहिल्याशिवाय मी हिला अस्सल म्हणणार नाही."

दोन माणसे रंग खरवडण्याच्या पट्ट्या घेऊन डाव्या बाजूला बसली. प्रथम चंदनचे केळीचे पान गेले. त्याखालून कानबाईचा पिवळा निघाला. त्याखाली पांढरा, तो सरपंचपदाच्या निवडणुकीचा. त्याखाली तांबडा, तो माझ्या लग्नातला. त्याखाली निळा, तो वडिलांनी गाडी आणली तेव्हाचा. प्रत्येक थराबरोबर माझे आयुष्य जमिनीवर पोपड्यांच्या रूपाने पडत होते आणि मी मनात वडिलांना म्हणत होतो, आता हिरवा येईल. आबा, आता हिरवा येऊ द्या.

आला तो राखाडी. आणि राखाडीवर, भोकाच्या शेजारी, एकेक अक्षर उजेडात येऊ लागले. 'हि' आला. मला वाटले, हिंदुस्थान. मग 'व' आला. अखेर सर्व अक्षरे उघडी झाली आणि मेजरसाहेबांनी ती परेडवर वाचावीत तशी वाचली: "हिवताप निर्मूलन पथक."

त्यांनी भोकात बोट फिरविले. "ही गोळी नव्हे. कडा बघा किती गुळगुळीत आहेत. फवारणीच्या पंपाची नळी येथून बाहेर काढत असत. डास मारायची गाडी आहे ही."

ज्या भोकाला शंभर नवरदेवांनी कुंकू लावले, ते डासांच्या औषधाचे! मी सर्व जगावर संशय घेतला होता. ज्याच्यावर कधीच घेतला नव्हता, तो एकच मनुष्य खोटे बोलला होता.

परंतु अद्याप अपमान पूर्ण व्हायचा होता. मेजरसाहेबांचा चेहरा एकाएकी उजळला. "मेघा, या सबंध टेकडीवर ही एकच वस्तू शंभर टक्के अस्सल आहे! सीमेवरच्या गावात तापाची साथ येते, तो प्रसंग आहे ना? ही गाडी तशीच घ्या. अक्षरांसकट. जवळून दाखवा."

"साहेब, नको!" मी हात जोडले. "हिला हिरवा रंग द्या. लष्कराची करा. तुमच्या हातची करा."

"खोटा रंग माझ्या मालिकेत चालणार नाही," ते कडाडले. त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून लाकडी रणगाडा डुलत डुलत निघाला, आणि त्याच्या पोटातून ट्रॅक्टरचा फटफट आवाज व रतिलालांची शिंक ऐकू आली. मी बोटाने तो दाखविला. मेजरसाहेबांनी वळूनही पाहिले नाही. "त्याचे वेगळे आहे," ते म्हणाले. मेघाबाईंनी करारातील एक वाक्य मला मराठीत सांगितले. गाडी कशी दाखवावी हे कंपनी ठरवील. खाली माझीच सही होती.

जीप घरी आली ती ताडपत्रीत गुंडाळून. उन्हापासून रंग जपतो आहे, असे मी गावाला सांगितले. आईने ताडपत्रीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ती आपल्या कामाला लागली. वडिलांच्या फोटोला रोज हार घालताना मी त्यांच्या डोळ्यांत पाहणे टाळू लागलो.

आणि तो भाग दाखविण्याचा दिवस उजाडला. गावाने हौसेने ग्रामपंचायतीसमोर मोठा पडदा बांधला. माझ्या आईला, वच्छलाबाईंना, पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मी शेवटच्या रांगेत, बाहेर जाण्याच्या वाटेजवळ बसलो. पडद्यावर प्रथम रणगाडा आला. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. "काय मजबूत लोखंड हाये!" कोणीतरी म्हणाले. रतिलाल घसा खाकरून जमिनीकडे पाहू लागले.

नंतर धूर निघाला आणि धुरातून माझी जीप आली. मी अजूनही प्रार्थना करीत होतो की ती कोणी ओळखू नये. एकसारख्या दिसणाऱ्या जीपा पुष्कळ असतात. परंतु कॅमेरा स्टिअरिंगच्या जवळ, अगदी जवळ गेला, आणि पुरुषभर उंचीच्या अक्षरांत सबंध गावाने वाचले: बन्सीलाल उखर्डू नारखेडे, असोदा. मी स्वतः उभा राहून कोरविलेले. मग कॅमेरा डाव्या बाजूला सरकला. हिवताप निर्मूलन पथक. भोकातून नळी बाहेर आलेली, आणि नळीतून गटारावर फवारा.

माना एकामागून एक माझ्याकडे वळू लागल्या. मी अर्धवट उठलो होतो. पळावे की कबूल करावे, हे ठरत नव्हते. तेवढ्यात रतिलाल खुर्चीवर चढले.

"फसवणूक!" ते गरजले. "पाहा रे, काय केलं या लोकायनं! आपल्या लढाईच्या जीपवर डासायची अक्षरं लिहिली! उखर्डूआबाच्या गोयीच्या भोकात नयी घातली! मी म्हनत व्हतो, टीव्हीवाल्यायचा भरोसा नोको करू!"

क्षणभर विचार करून गाव खवळले. किती खोटे दाखवितात! त्यांच्याकडे खरा रणगाडा असूनही खऱ्या जीपला ही वागणूक! उद्याच तहसील कचेरीवर मोर्चा न्यावा, निवेदन द्यावे आणि निवेदनाखाली पहिली सही लढाईवाल्या बन्सीभाऊंची घ्यावी, असे ठरले. रतिलाल खाली उतरले आणि माझ्या शेजारून जाताना पुटपुटले, "आता ट्रॅक्टरचं नाव नोको काढजो."

सर्वजण घोषणा ठरविण्यात गुंतले असता मी आईला हाताला धरून घरी आणले. ताडपत्री काढली आणि म्हणालो, "माय, टीव्हीवाल्यांनी काहीही लिहिलेले नाही. हे खालूनच निघाले. तुला वाचता येत नाही म्हणून सांगतो—"

"मले वाचता येत नाही," ती म्हणाली, "पन हे अक्षरं मी ओयखते." तिने पत्र्यावर हात ठेवला. "तू एवढुसा व्हता. तापानं फनफनेल. घरोघरी मानसं थंडीनं कापू राह्यली व्हती. मंग हे गाडी आली. मानसायनं भितीले दवा मारली, तुले कडू गोया देल्ल्या. तुह्या बापानं ध्यानात ठेवली. पुढं लिलावात दिसली तशी घेऊन आला. रातच्याले घरी मले दाखवली, अन् मंगच रातोरात रंग देल्ला."

मी विचारले, "मग आबांनी लोकांना लढाईची का सांगितली?"

आईने माझ्याकडे, मी अजून एवढुसाच आहे असे पाहिले.

"डासायच्या गाडीत नवरदेव कोन बसवीन रे?"

मोर्चा थाटात निघाला. निवेदन दिले गेले. निवेदनावर पहिली सही माझी आहे, आणि या खेपेस कागद मराठीत असल्यामुळे मी त्यातील प्रत्येक असत्य पूर्णपणे समजून घेऊन सही केली. जीपची विटंबना पुसून टाकावी, अशी गावाची इच्छा होती. त्यानुसार दुसऱ्या दिवशी चंदन डबे घेऊन आला. पुढच्या लग्नाचा नवरदेव दारात थांबलेलाच होता.

"नाना, ही खोटी अक्षरं घासून काढतो," चंदन म्हणाला. "मग दोन हात जाड मारतो. नावनिशाण राहणार नाही."

"घासायचे नाही," मी म्हणालो. "वरून रंग लाव. या जागेवर एकच हात. पातळ."

"पातळ? का बरं? उन्हात पुन्हा दिसतील ना अक्षरं."

"दिसू दे. तेव्हाचे तेव्हा पाहू."

चंदनने ब्रश डब्यात बुडविला, परंतु वर काढला नाही. तो माझ्याकडे पाहू लागला, मग अक्षरांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ती नजर मी चांगली ओळखतो. सबंध आयुष्य मी लोकांकडे तशीच पाहत आलो आहे.

"नाना," तो हळूच म्हणाला, "गोळी खरंच इथूनच शिरली होती ना?"

मी वडिलांसारखा आवाज खाली आणला.

"लष्कराच्या गोष्टी विचारू नयेत, बाबा. रंग लाव."